राडामध्ये शिकलं की कॉमेडीत काम मिळतं का?

तुम्ही लिहिलंय की एकांकिका करताय, लोक हसतात, आणि आता कर्ज काढून लंडनच्या राडाला जावं का. आपल्याकडचा राडा नाही, रॉयल ॲकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट, अभिनय शिकवणारी संस्था, हे बाकीच्यांसाठी सांगून ठेवतो.

मी काही नाटकवाला नाही, इंग्लंडमधल्या स्विंडनला नोकरी करतो. पण इथून जेमतेम पंचवीस किलोमीटरवर सायरनसेस्टर म्हणून गाव आहे, तिथली डेझी मे कूपर, विनोदी नटी आणि लेखिका, तिचं उदाहरण बघा. ती २०१० मध्ये राडामधून पास झाली. तीन वर्षांचा कोर्स, वर्गात मोजून अठ्ठावीसेक पोरं, म्हणजे आत शिरणंच केवढं अवघड, आणि बाहेर पडल्यावर काय, तर काम नाही. भाऊ चार्ली आणि ती लंडनमध्ये एकाच छोट्या खोलीत राहायचे, पैशाची बोंब, रात्री ऑफिसं साफ करायची नोकरीसुद्धा केली दोघांनी. पण गावाकडच्या रिकामटेकड्या लोकांच्या नकला करून एकमेकांना हसवायचे, त्यातूनच लिहायला लागले. एका चॅनलसाठी पायलट, म्हणजे नमुन्याचा पहिला भाग केला, तो पुढे गेलाच नाही. शेवटी २०१७ मध्ये बीबीसी थ्रीवर त्या दोघांची 'धिस कंट्री' ही विनोदी सिरीयल आली. राडा सोडून तोवर सात वर्षं झाली होती!

सिरीयलमध्ये होत काहीच नाही, खरं सांगतो. केरी (डेझी) आणि कर्टन (चार्ली) ही चुलत भावंडं, खेड्यात नुसती टाइमपास करत फिरतात. ओव्हनच्या वरच्या कप्प्यात कुणाचं जेवण ठेवायचं यावरून दोघांचं जे भांडण होतं ना, आमच्या घरी अजून पिझ्झा गरम करताना तोच विषय निघतो. सुरुवातीला मला त्यांचे उच्चार कळायचे नाहीत, सबटायटल लावून बघितली. गंमत म्हणजे केरीचा बाप झालाय तो डेझीचा खरा बाप, पॉल कूपर.

२०१८ ला डेझीला बाफ्टा, म्हणजे ब्रिटनचा सिनेमा-टीव्हीचा मोठा पुरस्कार मिळाला आणि ती स्विंडन टाउनच्या लाल फुटबॉल जर्सीचा लांब गाऊन घालून गेली, आमच्या गावात त्या दिवशी जे कौतुक झालं ते विचारू नका, इथल्या गोवेकर मंडळींनी पण फोटो फॉरवर्ड केले. पुढच्या वर्षी तर कचऱ्याच्या पिशव्यांचा ड्रेस, म्हणे कपड्यांवरचे पैसे वाचवून फूड बँकेला, म्हणजे गरजूंना फुकट अन्न देणाऱ्या संस्थेला देते.

मग राडा फुकट गेलं का? तसंही नाही. सेलिन हिझली तिला तिथेच भेटली, आणि २०२२ ची 'ॲम आय बीइंग अनरीझनेबल?' ही सिरीयल त्या दोघींनी मिळून लिहिली, कामही दोघींनी केलं. देव पटेलच्या 'डेव्हिड कॉपरफील्ड' सिनेमात डेझी पेगटी, म्हणजे घरातली दाई होती, जुन्या काळातली भाषा आणि पोशाख सांभाळून, तिथे शिक्षण दिसतं असं मला वाटतं. पण नाव झालं ते स्वतः लिहिलेल्या केरीमुळे, ऑडिशनमुळे नाही. म्हणून कर्ज काढायच्या आधी तुमच्याकडे स्वतःचं लिहिलेलं काय आहे ते बघा, माझं एवढंच म्हणणं.

आणि हो, केरीची आई वरच्या मजल्यावरून सारखी घसा फोडून ओरडत असते, दिसत मात्र कधीच नाही, तो आवाज डेझीचाच आहे. राडातलं व्हॉइस ट्रेनिंग त्यात कामाला आलं असेल तर फी वसूल म्हणायची.