तिसरी बॅटरी घेण्याआधी: उभी गाडी करंट कुठे खाते, ते कसे शोधावे

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही उत्तराचा धागा लागेल. अमळनेरला तुमची 2016 ची पेट्रोल हॅचबॅक आहे, तिला 35 अँपिअर-तासांची बॅटरी आहे आणि दोन वर्षांतली ही दुसरी बॅटरी अवघी आठ महिन्यांची आहे. रोज मुलांना शाळेत सोडायला गाडी निघते तोवर तक्रार नसते. परंतु चार दिवस बाहेरगावी जाऊन आलात की सेल्फ नुसता टकटक करतो आणि शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंपर लावावा लागतो. मेकॅनिक अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) बदला म्हणतो, बॅटरीवाला बॅटरी बदला म्हणतो आणि तुम्ही म्हणता की आधी खात्री करून घेऊ. तुमचेच म्हणणे बरोबर आहे. भुसावळला बावीस वर्षे ऑटो इलेक्ट्रिकचे दुकान चालवताना चांगल्या बॅटऱ्या भंगारात गेलेल्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

निम्मे निदान तुमच्या वर्णनातच आहे. अल्टरनेटर चार्जिंग देत नसता, तर रोजच्या वापरातच गाडी दोन-तीन दिवसांत बसली असती आणि डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवाही बहुधा लागला असता. तुमची गाडी बसते ती उभी राहिल्यावर. आता थोडा हिशेब करू. चार दिवस म्हणजे 96 तास. सेल्फ उचलेनासा होईपर्यंत बॅटरीतून साधारण 25 अँपिअर-तास गेले असे धरले, तर 25 ला 96 ने भागून सुमारे 0.26, म्हणजे पाव अँपिअर येतो. गाडी लॉक करून झोपली की घड्याळ, रिमोटचा रिसीव्हर, ईसीयू (इंजिनचा संगणक) असे सगळे मिळून 0.02 ते 0.05 अँपिअरपेक्षा जास्त घेऊ नये, 0.05 च्या वेगाने तुमची बॅटरी पूर्ण रिकामी व्हायलाही जवळजवळ महिना लागेल. डिकीतला 5 वॅटचा दिवा जळत राहिला, तर तो 0.4 अँपिअर खातो आणि अडीच दिवसांत गाडी बसवतो. तुमचा चोर, म्हणजे गुपचूप करंट खाणारी वस्तू, त्यापेक्षा लहान असावा. मात्र हा सगळा हिशेब बॅटरी धडधाकट आहे असे धरून केलेला आहे. वारंवार तळापर्यंत उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचे कठीण खडे बसतात आणि तिची क्षमता कायमची घटते. क्षमता निम्मी झाली असेल, तर चोरही निम्माच असेल. म्हणून मोजणी बॅटरीपासून सुरू करावी लागते.

त्यासाठी एक साधा डिजिटल मल्टीमीटर आणि मगरीच्या जबड्यासारख्या क्लिपा असलेल्या दोन वायरी एवढेच सामान पुरे. आधी बॅटरी बाहेरच्या चार्जरवर तीन-साडेतीन अँपिअरने रात्रभर चार्ज करून घ्या. अमळनेरहून धुळ्याला जाऊन आलो म्हणजे बॅटरी भरली, असा सर्वांचा समज असतो. पण पार उतरलेली बॅटरी तेवढ्या चालवण्यात पूर्ण भरत नाही, कारण शेवटचा वीस टक्के चार्ज फार सावकाश आत जातो. चार्ज झालेली बॅटरी टर्मिनलच्या वायरी न जोडता बारा तास तशीच ठेवा आणि मग व्होल्टेज बघा. 12.6 च्या वर असेल तर ती भरलेली आहे, 12.4 म्हणजे पाऊण, 12.2 म्हणजे निम्मी आणि 12.0 च्या आसपास म्हणजे पाव. एकटी ठेवलेली बॅटरी बारा तासांत 12.3 वर आली, तर दोष तिच्या पोटातच आहे आणि गाडीला बोल लावण्याचे कारण नाही. व्होल्टेज चांगले दिसले, तर बॅटरी बसवून सेल्फ मारताना कुणाला तरी मीटर बघायला सांगा. त्या दोन-तीन सेकंदांत आकडा 9.6 च्या खाली जाता कामा नये. बॅटरीला पाण्याची झाकणे असतील, तर हायड्रोमीटरने (ॲसिडची घनता मोजणाऱ्या नळीने) सहाही सेल तपासून घ्या. पाच सेल 1.25 दाखवत असताना एकच 1.15 वर बसला असेल, तर त्या बॅटरीचा नाद सोडा. आणि पाणी घालायचे ते डिस्टिल्डच. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने नळाच्या तोट्या पांढऱ्या पडतात, ते बॅटरीत गेल्यावर काय करत असेल याचा विचार करा. घरच्या आरओचे पाणीही त्या कामाचे नाही.

अल्टरनेटरची परीक्षा दोन मिनिटांची आहे. इंजिन चालू करून बॅटरीच्या टर्मिनलवर 13.8 ते 14.5 व्होल्ट यावेत, आणि हेडलाइट, एसी, ब्लोअर सगळे लावून थोडी रेस दिल्यावर ते 13.5 च्या खाली घसरू नयेत. मे महिन्यातल्या दुपारी आकडा थोडा कमी दिसला, तर घाबरू नका. अल्टरनेटरचे व्होल्टेज सांभाळणारा रेग्युलेटर गरम झाला की तो मुद्दामच व्होल्टेज उतरवतो. सतत 15 च्या वर दिसला, तर मात्र बॅटरी उकळून पाणी संपत असणार.

आता मुख्य काम, म्हणजे गाडी झोपलेली असताना किती करंट जातो ते मोजणे. ड्रायव्हरच्या दाराची काच खाली करा, किल्ली गाडीपासून लांब घरात ठेवा, आणि ज्या दारातून पुढे फ्यूजपर्यंत पोहोचायचे आहे ते दार उघडेच ठेवून त्याच्या लॉकचा आकडा स्क्रू ड्रायव्हरने दाबून बंद करा, म्हणजे गाडीला दार लागले असे वाटेल. (काम झाल्यावर हँडल ओढून तो आकडा परत मोकळा केल्याशिवाय दार आपटू नका, मी एकदा आपटले होते आणि लॉकची भरपाई करावी लागली.) मीटरची लाल वायर 10 अँपिअरच्या छिद्रात लावा. एक क्लिप बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला आणि दुसरी निगेटिव्ह केबलच्या क्लॅम्पला जोडा, आणि मगच क्लॅम्प सैल करून अलगद वर उचला. असे केल्याने वीज क्षणभरही तुटत नाही आणि गाडीचे कंट्रोलर दचकून जागे होत नाहीत. एरवी बॅटरी काढून लावली की सगळी गाडी जागी होते आणि पहिल्या मिनिटाला दोन-तीन अँपिअर दिसतात. तो आकडा बघून वायरिंग उसकटणारे वायरमनही मला माहीत आहेत.

क्लॅम्प उचलल्यावर गाडी लॉक करा, किल्ली परत घरात ठेवा आणि किमान अर्धा तास तिच्याकडे बघू नका. आकडा टप्प्याटप्प्याने उतरत जाईल. 0.05 च्या खाली स्थिरावला, तर गळती नाही. 0.2 किंवा 0.3 वर अडकून राहिला, तर चोर घरातच आहे. या सगळ्या वेळात किल्ली फिरवायची नाही, कारण स्वस्त मीटरच्या 10 अँपिअरच्या छिद्राला बहुतेक वेळा फ्यूजच नसतो आणि सेल्फ शंभराच्या वर अँपिअर ओढतो. मोजून झाले की लाल वायर परत व्होल्टच्या छिद्रात लावा. ती तशीच राहिली आणि तुम्ही व्होल्टेज बघायला दोन्ही टर्मिनलला पिना लावल्या, तर तो सरळ शॉर्टसर्किट होतो.

गळती सापडली की लोक एकेक फ्यूज उपटत सुटतात. ती पद्धत जुन्या गाड्यांना ठीक होती. तुमच्या गाडीत फ्यूज काढून परत लावला की त्यावरचा कंट्रोलर जागा होतो आणि पुन्हा अर्धा तास थांबावे लागते. त्यापेक्षा क्लॅम्प परत बसवा, गाडी पुन्हा झोपू द्या, मीटर 200 मिलिव्होल्टच्या रेंजवर घ्या आणि प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावर जी दोन उघडी धातूची टोके दिसतात त्यांना दोन्ही पिना टेकवत जा. ज्या फ्यूजमधून करंट जात नाही, तो शून्य दाखवेल. पाव अँपिअर जात असेल, तर 10 अँपिअरच्या छोट्या फ्यूजवर साधारण दोन मिलिव्होल्ट दिसतील. तो फ्यूज सापडला की त्या वाटेवर काय काय जोडले आहे, एवढेच शोधायचे उरते.

माझा पहिला संशय तुमच्या स्टिरिओवर आहे. गेल्या दिवाळीला अँड्रॉइड स्टिरिओ आणि मागचा कॅमेरा बसवला असे तुम्ही जाता जाता लिहिले आहे, आणि सध्याची बॅटरी साधारण त्याच सुमारास घेतलेली दिसते. स्टिरिओच्या मागे पिवळी वायर कायम बॅटरीची असते आणि लाल वायर किल्ली फिरवल्यावर येणाऱ्या करंटची. घाईत बसवणारा कारागीर किल्लीची लाइन शोधत बसत नाही. तो लाल आणि पिवळी एकत्र पिळतो, वरून काळी टेप गुंडाळतो आणि गाणी वाजून दाखवतो. मालक स्क्रीन बंद करून घरी जातो, परंतु स्टिरिओ आतून रात्रभर जागाच राहतो. स्टिरिओचा कनेक्टर काढल्याबरोबर आकडा पाव अँपिअरवरून खाली पडला, तर आणखी काही शोधायची गरज नाही. गाडी जुनी घेतलेली असल्याने डॅशबोर्डखाली आधीच्या मालकाचा जीपीएस ट्रॅकर राहून गेला आहे का, तेही बघून घ्या. डिकीच्या दिव्यासाठी मोबाइलवर व्हिडिओ सुरू करून तो डिकीत ठेवा आणि झाकण लावा. दिवा विझतो की नाही ते चित्रीकरणात दिसेल. एका सदस्यांनी फास्टॅगवर शंका घेतली आहे, पण त्या टॅगला ना गाडीची वायर असते ना स्वतःची बॅटरी. टोलनाक्यावरच्या रीडरच्या लहरींवरच तो तेवढ्यापुरता जागा होतो.

सगळे फ्यूज शून्य दाखवत असूनही गळती कायम राहिली, तर मात्र मेकॅनिकच्या अल्टरनेटरकडे वळावे लागेल, कारण त्याची जाड वायर आतल्या फ्यूजबॉक्सला वळसा घालून थेट बॅटरीकडे जाते. आतला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) फुटला, तर चार्जिंग ठीक दिसूनही रात्री करंट उलटा वाहतो. रावेरकडच्या एका केळीवाल्या शेतकऱ्याची डिझेल गाडी माझ्याकडे अशीच आली होती. तिची बॅटरी एका रात्रीत बसायची आणि त्यांनी तोवर दोन बदलल्या होत्या. जानेवारीतल्या थंडीत, रात्रभर उभ्या असलेल्या त्या गाडीचे बॉनेट उघडून मी अल्टरनेटरला हात लावला, तर बाकी इंजिन गार आणि तो एकटा कोमट होता. तुमच्याकडे पाव अँपिअरच जात असेल, तर हाताला एवढे कळणार नाही. तेव्हा आधी बॅटरीचे निगेटिव्ह काढून, मग अल्टरनेटरची ती जाड वायर सोडवून तिच्या टोकाला टेप गुंडाळा आणि गळती पुन्हा मोजा. काही जण यासाठी मीटरच्या एसी रेंजवर रिपल (चार्जिंगच्या व्होल्टेजमधला चढउतार) बघा म्हणतात. स्वस्त मीटरमध्ये त्या रेंजवर डीसीही मिसळून दिसते, म्हणून त्यावर विसंबू नका.

बॅटरीवाल्याचेही सगळेच चुकीचे नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या पुढे जातो, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त असतो, आणि तापमान दहा अंशांनी वाढले की बॅटरीतली झीज जवळजवळ दुप्पट वेगाने होते. उन्हाळ्यात मार खाल्लेली बॅटरी डिसेंबरच्या पहिल्या थंडीत हात टेकते, आणि दोष थंडीला मिळतो. तरीही आठ महिन्यांत बॅटरी संपावी एवढे ऊन एकटे पुरत नाही.

एकटी ठेवलेल्या बॅटरीचे बारा तासांनंतरचे व्होल्टेज, सेल्फ मारतानाचा आकडा आणि अर्ध्या तासानंतरची गळती, असे तीन आकडे इथे कळवा. स्टिरिओ बाहेर ओढाल तेव्हा काळी टेप सोडण्याआधी एक आणि सोडल्यावर एक, असे दोन फोटोही टाका.