१५० टक्क्यांवर अक्षरं धूसर, माऊस जड: दुखणी दोन आहेत

तुम्ही लिहिलंय: उबंटू लिनक्स, वेलँड (खिडक्या पडद्यावर मांडणारी नवी यंत्रणा), २७ इंची ४के मॉनिटर. स्केल, म्हणजे पडद्यावरचं सगळं किती मोठं दाखवायचं ते प्रमाण, १०० टक्के ठेवलं तर अक्षरं मुंगीएवढी, २०० ला अवाढव्य, १५० ला काही अॅप धूसर, आणि वर माऊस अडखळत चालतो. यातला माऊस आणि धूसरपणा यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

आधी माऊस. सेटिंग्जच्या डिस्प्ले पानावर रिफ्रेश रेट (चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने रंगतं) बघा. ३० हर्ट्झ दिसला तर ड्रायव्हरच्या वाटेला जाऊ नका. एचडीएमआय १.४ वर ३८४० × २१६० ला पूर्ण रंगात ३० च मिळतात. ६० हवे तर एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ हवं, आणि ग्राफिक्स कार्ड, केबल, मॉनिटर या तिघांनाही ते झेपायला हवं. मॉनिटरची स्वतःची बटणं दाबून त्याच्या मेनूतही डोकवा. तिथे कधीकधी एचडीएमआयची आवृत्ती १.४ वर ठेवलेली असते. मी दोन संध्याकाळी कर्नल (लिनक्सचा गाभा) बदलत बसलो होतो, आणि गोम त्या मेनूत होती! मध्ये यूएसबी-सी डॉक (एका केबलवर अनेक जोडण्या देणारा डबा) असेल तर तो काढून थेट जोडून पाहा. बरेच डॉक केबलमधल्या चारपैकी दोनच लेन (डेटाच्या वाटा) चित्राला देतात.

आता धूसरपणा. वेलँडवर थेट चालणारी अॅप १५० ला बऱ्यापैकी रेखीव दिसतात. एक्स११ या जुन्या यंत्रणेसाठी लिहिलेली अॅप एक्सवेलँड या दुभाष्यामधून येतात. ती लहान आकारात रंगवून मग ताणली जातात, म्हणून कडा विरघळतात. कोणतं अॅप कुठलं हे ओळखायला एक्सआइज (xeyes) हा पॉइंटरकडे बघणाऱ्या दोन डोळ्यांचा छोटा प्रोग्राम चालवा. पॉइंटर संशयित खिडकीवर फिरवताना डोळे त्याच्यामागे वळले तर ते एक्स११ अॅप, थिजून राहिले तर वेलँडचं. क्रोमियमवर (क्रोम ब्राउझरचा पाया) बेतलेलं जुनं अॅप सापडलं तर ते --ozone-platform=wayland हा पर्याय देऊन सुरू करा. नोम (GNOME, उबंटूचा डेस्कटॉप) ४७ पासून एक्सवेलँडच्या अॅपना स्वतःच मोठं रंगवू देण्याची प्रायोगिक सोयही आहे, पण स्केलिंगची जाणच नसलेलं अॅप तिथे चिमुकलं दिसेल.

रिझोल्यूशन २५६० × १४४० करण्याचा सल्ला कुणीतरी देईलच. तो ऐकू नका: एका पिक्सेलला दीड पिक्सेल वाट्याला येतो आणि मग सगळंच धूसर.

मी स्वतः स्केल १०० वर ठेवून ट्वीक्स या जादा सेटिंग्जच्या अॅपमध्ये फॉन्टचं प्रमाण १.४ केलंय. चिन्हं जरा बारीक राहतात, पण अक्षर कुठेच ताणलं जात नाही.