दिवा लागतो, एवढ्याने तो सुरक्षित ठरत नाही

जुन्या विजेच्या टेबलदिव्यांविषयी येणाऱ्या पत्रांत गावे निराळी असतात, दिवे निराळे असतात, पण एक वाक्य बहुतेक पत्रांत असतेच : ‘लावून पाहिला, व्यवस्थित लागतो.’ या एका वाक्यावर विसंबून पन्नास-साठ वर्षे माळ्यावर पडलेला पितळी दिवा थेट मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर येतो. म्हणून या वेळी त्याच गोंधळातून आलेली काही पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : पितळी टेबलदिवा काळवंडला आहे. चिंचेने घासून नळाखाली धुतला तर चालेल का? (मिरज)

उत्तर : नाही. होल्डर आणि वायर पूर्णपणे काढल्यानंतर सुटे पितळी भाग अवश्य घासा व नीट वाळवा, परंतु जोडलेला दिवा पाण्याखाली धरू नका.

प्रश्न : आजोबांचा पितळी टेबलदिवा सापडला. वायरला वरून कापडी वेष्टन आहे आणि ते कुठेही फाटलेले नाही. दिवा लागतो. टेस्टर लावून पाहिला तर पितळेवर करंट दिसला नाही. ओळखीचे इलेक्ट्रिशियन म्हणाले, ‘जुना माल दणकट असतो, बिनधास्त वापरा.’ वापरावा का? (सातारा)

उत्तर : सध्या वापरू नये. हा प्रश्न मला सर्वांत अधिक अस्वस्थ करतो, त्यामुळे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

जुन्या वायरचे कापडी वेष्टन हे संरक्षण नव्हे, ते केवळ आवरण आहे. खरे संरक्षण त्याच्या आत असलेल्या रबराचे. तांब्याच्या तारांवर गंधकाने पक्के केलेले रबर, आणि त्यावर सुती किंवा रेशमी विणीचे वेष्टन, अशी ही वायर प्लॅस्टिकच्या वायरी सर्रास मिळू लागेपर्यंत घरोघरी वापरली जात होती. रबरातील गंधक तांब्याला खातो म्हणून तारांवर कथलाचा मुलामा दिलेला असे. वायर सोलल्यावर चंदेरी तारा दिसतात त्या यामुळेच, आणि त्या चांदीच्या आहेत असे सांगून दिव्याची किंमत वाढवणारे विक्रेते मी पाहिले आहेत. हवा, उजेड आणि उष्णता यांमुळे हे रबर कालांतराने कडक होते व तडकते. गेल्या वर्षी दुरुस्तीला आलेल्या एका दिव्याची वायर मी होल्डरपासून चार बोटांवर हलकेच वाकवली, तर आतल्या रबराचा भुगा भाजलेल्या पापडासारखा टेबलावर सांडला आणि कापडाच्या नळीत दोन उघड्या तारा एकमेकींशेजारी उरल्या. वेष्टन मात्र अखेरपर्यंत शाबूत होते, आणि तो दिवा आदल्या दिवसापर्यंत लागत होता.

दिवा लागण्यासाठी तारा जोडलेल्या असाव्या लागतात. त्यांच्यावरचे रबर शाबूत असण्याची दिव्याला गरज नसते, ती आपल्याला असते. रबर सर्वांत आधी दोन ठिकाणी जाते. एक होल्डरजवळ, कारण तिथे बल्बची उष्णता थेट पोहोचते. दुसरी जागा बैठकीतील भोक, कारण तिथे पितळेची धार वायरवर वर्षानुवर्षे घासत असते. या दोहोंपैकी एका जागी फेजची, म्हणजे वीज घेऊन येणारी, तार पितळेला टेकली की संपूर्ण दिवा २३० व्होल्टवर येतो. दिवा तरीही लागतोच! या दिव्यांना दोन पिनांचा टॉप असतो, म्हणजे अर्थिंग नसते, त्यामुळे फ्यूज उडत नाही, एमसीबी पडत नाही आणि कोणालाही काही कळत नाही. ओल्या हाताने किंवा अनवाणी पायाने कोणी त्या दिव्याला स्पर्श केला की तो प्रवाह माणसाच्या शरीरातून जमिनीकडे जातो.

टेस्टरविषयीही गैरसमज फार आहे. टेस्टरने आपण त्या क्षणाची स्थिती पाहतो. दोन पिनांचा टॉप उलटा घातला की दिव्यातील फेज आणि न्यूट्रलच्या तारा बदलतात, आणि मघाशी निर्दोष वाटलेले पितळ जिवंत होऊ शकते. शिवाय वायर जरा हलली की उघडी तार पितळेला टेकते, पुन्हा हलली की सुटते. खरी तपासणी मेगरने, म्हणजे तारांवरचे संरक्षण किती शाबूत आहे ते मोजणाऱ्या उपकरणाने, होते. दिवा प्लगपासून वेगळा करून, बल्ब काढून, दोन्ही तारा एकत्र घ्यायच्या आणि त्या व पितळ यांच्यामध्ये ५०० व्होल्टचा दाब देऊन रोध मोजायचा. तो किमान १ मेगओहम तरी हवाच, आणि नव्याने वायर घातलेल्या दिव्यात तो याच्या कितीतरी पट अधिक येतो.

आता करावयाचे काम. जुनी वायर पूर्णपणे काढून टाकावी. तिच्यावर टेप गुंडाळणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. आयएसआय चिन्हाची तीन तारांची लवचीक वायर घालावी. हिरवी तार पितळी अंगाला स्क्रूने पक्की बसवावी, बैठकीच्या भोकात रबरी बुश घालावा, वायर ओढली तरी ताण जोडांवर येणार नाही अशी पकड द्यावी आणि थ्री-पिन टॉप लावावा. कापडी वेष्टनाची नवी वायर हवी असल्यास तीही मिळते. आत तीन तारा आहेत एवढे मात्र पाहून घ्या. घरात ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे प्रवाहाची गळती होताच वीज तोडणारा स्विच, असेल तर फारच उत्तम, पण तो आहे म्हणून जुनी वायर चालवून घेऊ नये. हे सर्व परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावे आणि मेगरचा आकडा त्यांच्याकडून लिहून घ्यावा. ‘बिनधास्त वापरा’ असे सांगणाऱ्यांनी मेगर लावला होता का, एवढे त्यांना अवश्य विचारा.

प्रश्न : शाळेच्या प्रकल्पासाठी विचारत आहे. घरात हलवता येणारा विजेचा दिवा सर्वांत आधी कोणाकडे होता? (कोल्हापूर)

उत्तर : ‘सर्वांत आधी’ हा शब्द प्रकल्पात टाळावा. मात्र अगदी सुरुवातीच्या दिव्यांत गणना होईल असे एक उदाहरण उत्तम आहे. इंग्लंडमध्ये नॉर्थम्बरलँड परगण्यात क्रॅगसाइड नावाचे घर आहे. त्याचे मालक विल्यम आर्मस्ट्राँग हे अभियंता होते. ओढ्याच्या पाण्यावर चालणारे विद्युतजनित्र त्यांनी बसवले होते, आणि १८८० साली जोसेफ स्वान या संशोधकाचे तापदीप, म्हणजे आतली तार तापून उजळणारे बल्ब, त्यांनी घरात लावले. ग्रंथालयात त्यांनी मीनाकाम केलेल्या तांब्याच्या कलशांचेच दिवे केले. प्रत्येक कलश धातूच्या बैठकीवर उभा असे आणि बैठकीच्या मधोमध पाऱ्याची छोटी वाटी असे. प्रवाह पाऱ्यातून दिव्याकडे जाई आणि परतीचा मार्ग म्हणून कलशाचे तांबेच वापरलेले असे. कलश बैठकीवरून उचलला की दिवा विझे, परत ठेवला की लागे.

रचना बुद्धिमान होती यात शंका नाही, परंतु वरच्या सातारच्या पत्रानंतर ती पुन्हा वाचा : ज्या धातूला हात लावायचा, तोच प्रवाहाचा मार्ग. त्या काळात विजेच्या शॉकविषयी समज अपुरी होती. तुमच्या प्रकल्पात चित्र काढा, मातीची प्रतिकृती करा, पण पारा घेऊन प्रयोग करू नका, कारण त्याची वाफ विषारी असते. चालती प्रतिकृती करायचीच असेल तर टॉर्चचे सेल आणि छोटा बल्ब पुरेत, तेही विज्ञानाच्या शिक्षकांना विचारून.

प्रश्न : कलकत्त्याहून आलेल्या आमच्या जुन्या दिव्याच्या वायरला पिना नाहीत, तर बल्बच्या टोपीसारखे टोक आहे. ते तोडले आहे की मुळातच तसे आहे? (नागपूर)

उत्तर : मुळातच तसे आहे. वीज प्रथम घरात आली ती दिव्यांपुरती. छतावर किंवा भिंतीवर होल्डर असत, प्लगची सोय नसे. त्यामुळे टेबलदिवा लावायचा तर बल्ब काढून त्याच होल्डरमध्ये दिव्याची वायर अडकवावी लागे. अमेरिकेत हार्वे हबल यांनी १९०४ साली होल्डरमध्ये बसणाऱ्या तुकड्यातून ओढून काढता येईल अशा पिनांच्या टॉपचे पेटंट मिळवले, ते याच अडचणीतून. आपल्याकडे दिवे-पंख्यांचा आणि ‘पॉवर’चा दर वेगळा असे, त्यामुळेही लोक होल्डरमधून वीज घेत राहिले. हे टोक आठवण म्हणून डबीत जपून ठेवा, वापरू नका. त्यात अर्थिंगची सोयच नाही.

प्रश्न : मुलाने अमेरिकेतून हिरव्या काचेचा बँकर्स लॅम्प पाठवला आहे. पुण्यात फक्त पिन बदलणारा अडॅप्टर लावून चालेल का? (पुणे)

उत्तर : नाही. पिन बदलल्याने व्होल्टेज बदलत नाही. तिकडचा १२० व्होल्टचा बल्ब येथे क्षणात जळेल. २३० व्होल्टचा बल्ब घालण्यापूर्वी होल्डर व स्विचवर कोरलेले आकडे वाचा. २५० व्होल्ट लिहिले असेल तर ते भाग राहू शकतात, १२५ लिहिले असेल तर बदला. आणखी एक गोष्ट : या होल्डरमध्ये बल्ब आट्यांचा असतो आणि आट्यांची धातूची बाजू न्यूट्रलला जोडायची असते. अमेरिकी टॉपची एक पाती रुंद असते ती यासाठीच. अडॅप्टर लावल्यावर ही खात्री राहत नाही, आणि बल्ब बदलताना बोट जिथे लागते नेमका तोच भाग फेजवर येऊ शकतो. म्हणून वायर व टॉप येथील वायरमनकडून बदलून घ्या.

दिवा किती जुना, असेही आपण विचारले आहे. या घाटाचा प्रसिद्ध ‘एमेरलाइट’ दिवा हॅरिसन मॅकफॅडिन यांच्या १९०९ सालच्या पेटंटचा. त्याच्या हिरव्या काचेला आतून पांढऱ्या काचेचा थर असतो, ज्यामुळे उजेड कागदावर पडतो आणि डोळ्यांवर येत नाही. आतला थर पांढरी काच नसून रंग असेल तर दिवा बहुधा अलीकडची नक्कल आहे. छायाचित्रावरून मी याहून अधिक सांगणार नाही.

प्रश्न : मुंबईतील एका दुकानदाराने ‘एडिसनच्या काळातला’ म्हणून पिवळसर तारांचा बल्ब दाखवला. त्यावर ४ वॉट लिहिले आहे. किंमत बरीच सांगतो. घ्यावा का? (ठाणे)

उत्तर : तो एलईडी आहे. कार्बनच्या तारेच्या जुन्या बल्बला १६ मेणबत्त्यांएवढा उजेड देण्यासाठी सुमारे ५० वॉट लागत. शोभेसाठी बल्ब हवा असेल तर शेजारच्या विजेच्या दुकानात नेहमीच्या भावात घ्या.

प्रश्न : वडिलांची तीन सेलची पितळी बॅटरी आहे. आत सेल फुगून अडकले आहेत. (कणकवली)

उत्तर : हातोडीने ठोकू नका आणि तापवू तर मुळीच नका. जुन्या कोरड्या सेलमध्ये जस्ताचे भांडे हेच ऋण टोक असते. सेल वापरला जातो तसे ते भांडे झिजते, शेवटी भोक पडते आणि आतला मसाला बाहेर येऊन पितळेला चिकटतो. हातमोजे व चष्मा घालून, बॅटरी उलटी धरून लाकडावर हलके आपटून पाहा. निघाले नाही तर धातूचे काम जाणणाऱ्या कारागिराकडे न्या. आपण बॅटरी म्हणतो तिला इंग्रजीत ‘फ्लॅशलाइट’ हे नाव पडले, कारण सुरुवातीचे सेल आणि दिवे इतके दुबळे होते की क्षणभर लावून विझवावे लागे. डेव्हिड मिझेल यांच्या अशा नळीच्या दिव्याला १८९९ साली पेटंट मिळाले. पुढच्या वेळी बॅटरी ठेवून देताना सेल काढून ठेवा.

प्रश्न : स्प्रिंगचा वाकवता येणारा टेबलदिवा आहे, पण मान खाली पडते. स्प्रिंग कापून घट्ट केली तर चालेल का? (नाशिक)

उत्तर : नाही. ही रचना जॉर्ज कारवार्डिन यांची, १९३२ सालची. ते गाड्यांच्या सस्पेन्शनचे अभियंते होते. स्प्रिंगची ओढ आणि दांड्यांचे वजन यांचा तोल जमवून दिवा हवा तिथे थांबतो. स्प्रिंग कापली की तो तोल कायमचा बिघडतो. मापाची स्प्रिंग बनवून घ्या. आणि सांध्यांपाशी वायर रोज वाकते, तेव्हा स्प्रिंगच्या आधी वायर तपासून घ्या.

प्रश्न : आपले उत्तर मिळाले, वायर बदलायची आहे. वायरमन दिवाळीनंतर येईन म्हणतात. तोपर्यंत ५ वॉटचा एलईडी लावून दिवा वापरला तर धोका कमी होईल ना? (सातारा, दुसरे पत्र)

उत्तर : होणार नाही. एलईडीने उष्णता कमी होते, व्होल्टेज २३०च राहते, आणि तडकलेले रबर बल्ब पाहून परत जुळत नाही. दिवाळीत घरात पाहुणे असतात, लहान मुले असतात, ‘हा दिवा लावू नका’ हे प्रत्येकाला सांगितले जाईलच असे नाही. आजच प्लगमधून वायर काढा आणि पक्कडीने तिचा टॉप कापून टाका. वायर नाहीतरी बदलायचीच आहे.