इटलीतल्या जिनोआ या बंदराच्या शहरात कोलंबसखेरीज कोणती मोठी माणसं जन्मली?

माझ्या लेखी पहिलं नाव जुझेप्पे मॅझिनीचं, तुकड्यातुकड्यांची इटली एक व्हावी म्हणून झगडलेल्या क्रांतिकारकाचं. मराठी वाचकाने तर त्याला ओळखायलाच हवं. सावरकरांनी लंडनमध्ये असताना त्याच्या लेखनाचं मराठी भाषांतर केलं आणि १९०७ साली ते पुण्यात छापलं गेलं. माझी त्याच्याशी ओळख त्यातूनच झाली.

मॅझिनीचा जन्म १८०५चा. १८२१च्या एप्रिलमधला एक रविवार त्याने स्वतःच लिहून ठेवलाय. उत्तर इटलीतल्या पीडमाँटमधला उठाव फसला होता आणि हरलेले बंडखोर स्पेन गाठायला जिनोआच्या धक्क्यावर जमले होते. पंधरा वर्षांचा मॅझिनी आईबरोबर स्त्रादा नुओव्हा या रस्त्याने चालला होता. काळ्या दाढीचा एक उंच माणूस आडवा आला, पांढरा रुमाल पसरून एवढंच म्हणाला, ‘इटलीच्या परागंदांसाठी.’ आईने त्यात पैसे टाकले. देशासाठी झगडता येतं, म्हणून झगडलंच पाहिजे, हा विचार त्या दिवशी मनात पहिल्यांदा आला, असं तो सांगतो. पुढे त्याने काळेच कपडे घालायला सुरुवात केली, देशाचं सुतक म्हणून. तो रुमाल माझ्या डोळ्यांसमोरून अजून हलत नाही.

पुढे साव्होनाच्या किल्ल्यात कैद, १८३१ साली मार्सेलमध्ये ‘यंग इटली’ या क्रांतिकारी संघटनेची स्थापना आणि मग जवळजवळ सगळं आयुष्य परदेशात. इटली एक झाली, पण राजाच्या छत्राखाली. त्याला हवं होतं प्रजासत्ताक. १८७२ साली पिसामध्ये तो वारला तेव्हा खोट्या नावाने राहत होता. याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरा व्हायोलिनवादक पागानिनी, जन्म १७८२. त्याचं ‘कॅनन’, म्हणजे तोफ, नावाचं व्हायोलिन त्याने मृत्युपत्रात जिनोआ शहराला देऊन टाकलं. स्वतः मात्र १८४० साली नीसमध्ये वारल्यावर चर्चने दफनाला जागा नाकारली आणि पार्मात कायमची जागा मिळायला १८७६ उजाडलं!

कवी मोंताले (नोबेल, १९७५) जिनोआचाच. वास्तुकार रेन्झो पियानोही. २०१८ साली जिनोआतला मोरांदी पूल कोसळून ४३ माणसं गेली, त्या जागी २०२० साली उभा राहिलेला पूल त्याच्या आराखड्यावर बांधलाय.

कधी गेलात तर स्त्रादा नुओव्हावर जरूर जा. आता त्याला व्हिया गारिबाल्दी म्हणतात. पागानिनीचं व्हायोलिन त्याच रस्त्यावरच्या तुर्सी वाड्यात ठेवलंय. मॅझिनीचं जन्मघरही तिथून चालत जाण्याइतकं जवळ आहे, व्हिया लोमेल्लिनीत.