सोलापुरात माझ्या दोन पांढऱ्या स्केल मॉडेल गाड्या (खऱ्या गाड्यांच्या छोट्या प्रतिकृती) पिवळ्या पडल्या आहेत, एक खिडकीसमोर उन्हात आणि दुसरी खोक्यात. परत पांढऱ्या होतील का आणि पुढच्या गाडीला काय काळजी घ्यावी?

होतील, पण दोन्ही गाड्यांना एकच औषध लावू नका. तुमची एक गाडी १/२४ ची (खऱ्या गाडीच्या चोवीसाव्या भागाएवढी) प्लास्टिक किट आहे, पांढरा स्प्रे मारून वर क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर, दिलेली, पश्चिमेच्या खिडकीसमोर शोकेसमध्ये. दुसरी जुनी १/१८ डायकास्ट, म्हणजे धातूच्या बॉडीची, खोक्यात बंद. एक उन्हात पिवळी पडली, दुसरी अंधारात. कारणं वेगळी आहेत.

पांढऱ्या रंगातलं पिगमेंट (रंग देणारी पूड) म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, ते पिवळं पडत नाही. पिवळं पडतं ते त्याला धरून ठेवणारं रेझिन, वरचं क्लिअर, खालचं प्लास्टिक, नाहीतर वर बसलेला थर. आधी कुठला थर पिवळा आहे ते शोधा, मगच हात घाला.

इअरबड ओला करून त्याला भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब लावा आणि गाडीच्या खालच्या कडेला हलक्या हाताने फिरवा. कापूस पिवळसर-तपकिरी झाला तर तो फोडणीचा धूर, अगरबत्ती किंवा सिगारेटचा चिकट थर आहे. कापूस स्वच्छ राहिला तर त्याच जागी फाइन पॉलिशिंग कंपाउंड घासा. कापडावर पिवळट रंग आला आणि खालून पांढरं दिसलं तर दोष क्लिअरचा. कापडावर पांढरा रंग आला तर वर क्लिअर नाहीच, तुम्ही थेट रंग घासताय; थांबा. शेवटी बॉडी चेसिसपासून सोडवून आतली बाजू बघा. झाकलेला भाग पांढरा आणि उघडा पिवळा असेल तर उन्हाचं काम. उलट असेल तर दोष इनॅमलचा, म्हणजे तेलावर बनलेल्या रंगाचा.

एक शक्यता आधीच काढून टाका. टामिया या जपानी मॉडेल कंपनीचा टीएस-७ रेसिंग व्हाइट स्प्रे डब्यातूनच किंचित क्रीम येतो. शुभ्र हवा असेल तर टीएस-२६ प्युअर व्हाइट. डब्याचा नंबर बघितला नसेल तर अर्धा प्रश्न तिथेच सुटू शकतो.

नुसता थर असेल तर पाव लिटर कोमट पाण्यात लिक्विडचे दोन-तीन थेंब, मऊ ब्रश, डिकलवर (गाडीवर चिकटवलेल्या छापील चित्रांवर) अजिबात जोर नाही. धुवायला बोअरचं पाणी नको. आपल्याकडचं जड पाणी वाळलं की पांढरे डाग सोडतं आणि ते पिवळेपणापेक्षा चिवट असतात. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर वापरा.

डायकास्टकडे वळू. तेल किंवा अल्किडवर (तेलापासून केलेल्या रेझिनवर) बनलेला इनॅमल अंधारात पिवळा होतो आणि उजेडात बराचसा परत येतो. ती गाडी खोक्यातून काढून उत्तरेच्या खिडकीजवळ, थेट ऊन लागणार नाही अशी दोन-तीन आठवडे ठेवा, अधूनमधून फिरवत राहा. रंग बराच सुधारू शकतो. घाई म्हणून मे महिन्यात गच्चीवर ठेवू नका. हवा ४२-४३ अंश असते तेव्हा थेट उन्हात गाडीचं तापमान कितीतरी वर जातं, प्लास्टिकचे भाग वाकतात आणि टायरमधलं प्लास्टिसायझर (टायर मऊ ठेवणारं द्रव्य) रंगाला चिकटतं. परत ठेवताना फोम आणि पॉलिथिन काढून टाका. पांढरा टॉवेल प्लास्टिकच्या पिशवीत पडून पिवळा पडतो, हे सोलापुरात टॉवेलच्या धंद्यातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. पिशवीच्या प्लास्टिकमधलं बीएचटी हे रसायन आणि हवेतले नायट्रोजनचे ऑक्साइड मिळून तो डाग तयार होतो. गाडीभोवतीसुद्धा ही सामग्री कशाला हवी? बटर पेपरही नको, साधा ॲसिड-फ्री टिश्यू घ्या.

किटचं क्लिअर पिवळं असेल तर पॉलिशने जमून जातं, पण पिवळेपणा वरवरचा असेल तेव्हाच. ३००० नंबरचा ओला पॉलिश पेपर फिरवा, नंतर टामियाचे कंपाउंड क्रमाने: लाल झाकण कोर्स, निळं फाइन, पांढरं फिनिश. दरवाज्याच्या कडा आणि बॉनेटची धार मास्किंग टेपने झाका, कारण कडेवर थर सगळ्यात पातळ असतो आणि पहिला तिथेच उडतो. डिकल क्लिअरच्या खाली असतील तर त्या भागावर पेपर लावूच नका.

पिवळेपणा पूर्ण जाडीत उतरला असेल तर रंग काढणं हाच मार्ग. पॉलीस्टायरीनवर, म्हणजे किटच्या प्लास्टिकवर, एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर कधीही नको, बॉडी विरघळते. मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ते ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल ॲक्रिलिक रंगावर चालतं. झाकणबंद डब्यात, चेसिसमधल्या एखाद्या तुकड्यावर आधी चाचणी घेऊन. हट्टी इनॅमलला डॉट-३ ब्रेक फ्लुइड, हातमोजे घालून. डायकास्टला कॉस्टिक सोडा लावू नका. बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची असते आणि कॉस्टिक जस्त खातो.

इंटरनेटवर हायड्रोजन पेरॉक्साइडचा उपाय दिसेल. तो न रंगवलेल्या पांढऱ्या एबीएस प्लास्टिकसाठी आहे, रंगासाठी नाही. सलूनमधलं २० व्हॉल्यूम म्हणजे ६ टक्के, ४० व्हॉल्यूम म्हणजे १२ टक्के. त्याची क्रीम सगळीकडे एकसमान लावून क्लिंग फिल्मने झाकून उन्हात ठेवतात. मधे वाळली की ढगाळ डाग उमटतात आणि ते जात नाहीत. वर काही काळाने प्लास्टिक परत पिवळं पडू शकतं. मला हा उपाय मॉडेलसाठी फारसा पटत नाही.

आता नवीन रंग देताना. खाली लाल किंवा गडद प्लास्टिक असेल तर आधी राखाडी प्रायमर, मग पांढरा सरफेसर (बारीक ओरखडे भरणारा अस्तराचा थर). नाहीतर खालचा रंग वर डोकावतो. पांढरा रंग एका जाड थरात झाकायला जाऊ नका, चार-पाच पातळ थर द्या. मिस्टर कलर या मॉडेल रंगाच्या ब्रँडचा लॅकर एअरब्रशने मारायचा तर रंग आणि थिनर १:१ ते १:१.५, दाब १५ ते १८ पीएसआय. उन्हाळ्यात आपल्याकडे थेंब हवेतच वाळून पृष्ठभाग खडबडीत होतो, म्हणून सकाळी लवकर मारा आणि थिनरमध्ये ५ ते १० टक्के रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव्य) घाला. पावसाळ्यात उलट अडचण, ओलसर हवेत क्लिअर धुरकट होतं. अशा दिवशी मारूच नका.

क्लिअर हीच खरी कमजोर कडी आहे. ग्लॉस पांढरा नीट बसला तर तोच पॉलिश करा, वर क्लिअर कशाला? डिकल झाकायचे असतील तर मिस्टर कलरचा जीएक्स११२, म्हणजे यूव्ही कट असलेला सुपर क्लिअर, पातळ द्या. हार्डवेअरच्या दुकानातलं लाकडाचं एनसी लॅकर किंवा साधं पीयू (पॉलीयुरेथेन) पांढऱ्यावर नको. स्वस्त पीयूचा हार्डनर (थर कडक करायला मिसळायचं द्रव्य) बहुतेक ॲरोमॅटिक प्रकारचा असतो आणि तो उन्हात पिवळा होतोच. टू-के, म्हणजे हार्डनर मिसळायचा क्लिअर, वापरायचाच असेल तर ॲलिफॅटिक हार्डनर मागा, आणि हार्डनरमधल्या घातक आयसोसायनेटसाठी योग्य मास्कशिवाय घरात फवारू नका.

पांढऱ्या रंगात निळ्याचा अगदी एखादा थेंब घातला की तो कपड्यांना नीळ दिल्यासारखा उजळ दिसतो. ३० मिलीला एक थेंब पुष्कळ झाला, त्याहून जास्त घातला तर फ्रिजचा निळसर पांढरा होईल.

पिवळे पडलेले न वापरलेले डिकल मात्र फेकू नका. झिप पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून टेप करा. काही दिवसांत कडेची फिल्म बरीच पांढरी होते. शोकेस पश्चिमेच्या भिंतीवरून हलवा, देवघर आणि स्वयंपाकघराच्या दारापासूनही दूर, आणि आत एलईडी लावा.