जहाजाला धनुष्य नसतं, नाळ असते

प्रश्न असा आला आहे: ‘मोठ्या मालवाहू जहाजांच्या पुढच्या टोकाला, पाण्याच्या पातळीशी, गोल फुगवटा असतो. एका मजकुरात त्याला “कंदाकार धनुष्य” म्हटलंय. हे बरोबर आहे का?’

नाही. धनुष्याचा इथे काडीचा संबंध नाही. इंग्रजीत या फुगवट्याच्या टोकाला ‘बल्बस बाव’ म्हणतात. धनुष्य आणि जहाजाचं पुढचं टोक, दोन्हींच्या इंग्रजी शब्दांचं स्पेलिंग एकच आहे (bow), तिथेच घोटाळा झालाय. बाणाचा तो ‘बो’, जहाजाचा ‘बाव’. कुळंही वेगळी. धनुष्याचा शब्द वाकण्यावरून आला, तर जहाजाचा डच ‘बूख’च्या घरातला, मूळ अर्थ खांदा.

आपल्याकडे जहाजाच्या पुढच्या टोकासाठी शब्द आहे आणि तो जिवंत आहे: नाळ. नारळी पौर्णिमेला होडीच्या नाळेला हार घालतात, ती नाळ. मराठा आरमारातल्या गुराबांची, म्हणजे लढाऊ जहाजांची, नाळ लांब पुढे काढलेली असे. कुणी म्हणेल, नाळ म्हटलं की बाळंतपणच आठवतं. पण होडीत बसलेल्या माणसाचा गोंधळ होत नाही. वाचणाऱ्याचाही होणार नाही.

आता फुगवटा. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मोरा बंदराला जाणाऱ्या लाँचमध्ये बसा आणि नांगरलेलं रिकामं जहाज दिसलं तर निरखून पाहा. माल नसल्यामुळे ते वर उचललेलं असतं आणि नाळेखालचं ते लालसर बोंड उघडं पडतं. भरलेल्या जहाजाचं ते पाण्यात बुडतं, म्हणून वर अंगावर पांढऱ्या रंगात एक खूण काढतात, वरची आडवी रेघ नसलेल्या इंग्रजी पाचासारखी. जवळ येणाऱ्या टगबोटीने ओळखावं की खाली काहीतरी पुढे आलंय.

मी वर ‘बोंड’ म्हटलं ते मुद्दाम. ‘कंद’ चुकीचा नाही, तोही जमिनीखाली दडलेला असतो. पण ‘कंदाकृती’ म्हटलं की पाठ्यपुस्तकाचा वास येतो. कोकणातल्या माणसाला काजूचं बोंड माहीत आहे: भरीव, गोलसर, टोकाला आलेलं. म्हणून माझी पसंती ‘बोंडाची नाळ’ला.

ते असतं कशासाठी, हे कळलं की शब्दही पटतो. जहाज पाणी कापताना नाळेशी लाट उठते आणि इंजिनाची ताकद ती लाट उठवण्यात वाया जाते. बोंड थोडं पुढे असल्याने त्याची स्वतःची लाट उठते. तिचा खळगा बरोबर नाळेच्या लाटेच्या माथ्यावर आला, की दोन्ही एकमेकींना मारतात. मोठ्या जहाजांचं इंधन साधारण १२ ते १५ टक्के वाचतं. अमेरिकी नौदलाच्या डेव्हिड टेलर यांनी ‘डेलावेअर’ या युद्धनौकेला असं बोंड दिलं; ती १९१० साली सेवेत आली. मालवाहू जहाजांवर ते रुळलं, त्यामागे जपानच्या ताकाओ इनुई यांचं संशोधन मोठं आहे.

मात्र हे गणित ठरावीक वेगाला आणि जहाज पाण्यात ठरावीक खोल बसलेलं असतानाच जुळतं. २००८ नंतर इंधन वाचवायला जहाजं सावकाश चालवू लागले, तेव्हा काही कंपन्यांनी जुनी बोंडं कापून नवी बसवली. काही नव्या जहाजांना तर बोंडच नाही, नाळ सरळ खाली उतरते. तिला ‘उभी नाळ’ म्हणावं. आणि जिचा वरचा भाग मागे कललेला असतो, ती ‘उलटी नाळ’.