वाचकांचे प्रश्न : प्रशिक्षण संपल्यावर वर्गात काय उरते?

प्रश्न : प्राथमिक शाळेत ३४ वर्षे शिकवून मी नुकताच निवृत्त झालो. झांबियातील शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी वर्षभर यावे, असे एका स्वयंसेवी संस्थेने सुचवले आहे. मात्र नोकरीच्या काळात मी स्वतः इतकी प्रशिक्षणे घेतली आणि त्यांतील इतके थोडे वर्गापर्यंत पोहोचले, की परक्या देशातील शिक्षकांना मी काय देणार, अशी शंका येते.
— निवृत्त शिक्षक, गारगोटी

उत्तर : गुरुजी, ही शंका सोबत घेऊनच जा, कारण तिथे तीच सर्वांत उपयोगी पडेल. राज्याचे तज्ज्ञ जिल्ह्याच्या सुलभकांना (पुढे प्रशिक्षण देणाऱ्यांना) शिकवतात, ते तालुक्याच्या सुलभकांना आणि तालुक्याचे सुलभक केंद्राला, म्हणजे शेजारच्या शाळांच्या गटाला, ही आपल्याकडील उतरंड आपण जवळून पाहिली आहे. प्रत्येक पायरीवर दिवस कमी होतात, प्रात्यक्षिके गळतात आणि शेवटच्या शिक्षकापर्यंत बहुधा पुस्तिकेचे वाचनच पोहोचते. आफ्रिकेतील अनेक देशांतही हीच पद्धत रूढ आहे आणि तिचे कारण समजण्यासारखे आहे. २०३० पर्यंत जगाला आणखी सुमारे ४.४ कोटी शिक्षक लागतील आणि त्यांपैकी सुमारे दीड कोटी सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत, असा युनेस्कोचा अंदाज आहे. एवढ्या संख्येपुढे कोणत्याही सरकारला सभागृहातील प्रशिक्षणच परवडते.

तरीही दुसरी वाट आहे. दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्थ वेस्ट प्रांतात सेत्स्वाना भाषेतील वाचनासाठी दोन वर्षे एक प्रयोग झाला. काही शाळांच्या शिक्षकांना एकत्र बोलावून प्रशिक्षण दिले, तर काही शाळांत तेच पाठ आणि तेच साहित्य देऊन मार्गदर्शक प्रत्यक्ष वर्गात जाऊन बसले. खर्च दुसऱ्या प्रकारात अधिक आला, पण मुलांच्या वाचनातील प्रगतीही त्याच शाळांत स्पष्टपणे अधिक दिसली.

मला स्वतःला हे फार उशिरा कळले. पन्हाळा तालुक्यातील एका वाडीवरच्या शाळेत, आमचे गणिताचे प्रशिक्षण होऊन वर्ष उलटल्यावर मी गेलो, तेव्हा गणित पेटी कपाटात कुलूपबंद होती. एखादा मणी हरवला तर जडवस्तू नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या सामानाच्या वहीत, काय लिहायचे, ही तिथल्या शिक्षिकाबाईंची खरी अडचण होती आणि पाच दिवसांच्या प्रशिक्षणात आम्ही कोणीही तिच्याविषयी एक शब्द बोललो नव्हतो. मग आम्ही चिंचोके आणि काड्यांचे गठ्ठे घेऊन बसलो. एका मुलाने ४२ वजा १७ बरोबर ३५ असे लिहिले होते. एरवी बाईंनी तिथे फुली मारली असती. त्या दिवशी त्यांनी विचारले, "हे कसं काढलंस रे, मला सांग बघू." तो म्हणाला, "सातातनं दोन गेलं पाच, चारातनं एक गेला तीन." बाई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग त्यांनी दशकाचा एक गठ्ठा त्याच्याच हातांनी सोडवून घेतला. आपण फळाविषयी विचारले नाही, पण या कामाचे फळ मी त्या गप्प राहण्यात पाहिले आहे.

झांबियात आपल्याला अगदीच परके वाटणार नाही. १९९५ साली मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेने घडवलेली, मुलांचे गट इयत्तेऐवजी वाचन-गणिताच्या पातळीवरून करण्याची पद्धत तिथल्या सरकारी शाळांत तिसरी ते पाचवीसाठी 'कॅच अप' या नावाने चालते. भाषा मात्र आपली नाही. बेंबा, न्यान्जा, टोंगा अशा भाषांत मुले पहिली अक्षरे शिकतात. म्हणून पहिले दोन महिने कोणाला काही शिकवू नका. स्थानिक शिक्षकाशेजारी बसा, त्याच्या वर्गात किती मुले आहेत आणि किती पुस्तके आहेत ते मोजा आणि त्याच्या कपाटाला कुलूप का आहे ते विचारा.

प्रश्न : गगनबावड्याजवळच्या आमच्या शाळेत दोन शिक्षक आणि चार इयत्ता आहेत. प्रत्येक प्रशिक्षण एक वर्ग, एक शिक्षक असे गृहीत धरते. आमच्यासाठी काही आहे का?
— शिक्षिका, गगनबावडा तालुका

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे. शिक्षण हक्क कायद्यानेच ६० पटापर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक दिले असताना, बहुवर्ग अध्यापन हा प्रशिक्षणातला शेवटचा तास असणे मला अन्यायाचे वाटते. कोलंबियातील डोंगराळ, ग्रामीण शाळांनी १९७०च्या दशकात याच अडचणीतून 'एस्क्युएला नुएवा' ही पद्धत उभी केली. मुले स्वयं-अध्ययनाच्या पुस्तिकांवर आपापल्या गतीने, लहान गटांत काम करतात आणि शिक्षक गटागटांत फिरतो. त्या शिक्षकांची तयारीही तशीच होते. ते चालू असलेली बहुवर्ग शाळा पाहायला जातात आणि नंतर परिसरातील शिक्षक ठरावीक काळाने एकत्र बसून आपल्या अडचणी सोडवतात.

शेजारच्या शाळांनी एकमेकींना धरून राहावे, ही कल्पना आपल्या मातीलाही नवी नाही. आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचे जे. पी. नाईक ज्याचे सदस्य-सचिव होते, त्या कोठारी शिक्षण आयोगाने (१९६४-६६) शाळा-संकुलाची शिफारस केली होती. केंद्रातील शाळांच्या शिक्षकांची बैठक, म्हणजे शिक्षण परिषद, त्याच कुळातली आहे. पुढच्या परिषदेत केंद्रप्रमुखांकडे एकच मागणी करा : परिपत्रकांचे वाचन आटोपते घ्यावे आणि उरलेला वेळ द्विशिक्षकी शाळांच्या शिक्षकांना वेगळे बसू द्यावे. पहिल्या बैठकीला सोमवारचे वेळापत्रक घेऊन जा. एका इयत्तेला शिकवत असताना बाकीची मुले नेमके काय करतात, एवढ्या एकाच प्रश्नावर दोन तास पुरणार नाहीत.

प्रश्न : सर प्रशिक्षणाला गेले की मुलांचा वर्ग बसतच नाही. पालकांनी काय करावे?
— पालक, कागल

उत्तर : २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तासांचे प्रशिक्षण अपेक्षिले आहे. तेव्हा सर जाणारच आणि त्यांनी जावे. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत प्रशिक्षणाच्या तारखा आधी मागून घ्या आणि त्या दिवशी वर्ग कोण घेणार हे इतिवृत्तात लिहून घ्या. सर परत आल्यावर, ते काय नवीन शिकून आले हे एकदा आपुलकीने विचारा. असे विचारणारे पालक मला फार थोडे भेटले आहेत, आणि ज्या शाळांत भेटले तिथल्या शिक्षकांनी तासभर बसवून घेऊन सांगितले आहे.